नानांचं टोकन

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाजवळ या, त्यांची खिडकी उघडी आहे. नाना मेलबर्नहून परत आले हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. लेकाकडे राहून आल्यापासून प्रत्येक बोलणं 'तिकडे ना' म्हणूनच सुरू. तिकडे कुणी हॉर्न वाजवत नाही, तिकडे कचऱ्याचे डबे वेगळे. नानी मान डोलावतात बिचाऱ्या, पण त्यांचा चेहरा बघितला की... जाऊ दे.

तर काय सांगत होते, काल सकाळी नाना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. बीपीची गोळी संपलेली. हातात ना कागद, ना रिकामी स्ट्रिप, नुसता फोन. ऐटीत काउंटरवर धरला आणि म्हणाले, "स्कॅन कर." त्या पोऱ्यानं फोनकडे बघितलं, मग नानांकडे बघितलं, आणि काचेवर चिकटवलेला पेमेंटचा कोड दाखवून म्हणाला, "काका, स्कॅन तुम्ही करायचं असतं." मी मागेच उभी होते हो, ह्यांचं इसबगोल घ्यायला. नाहीतर मला कुठून कळणार!

झालं होतं असं, की तिकडच्या डॉक्टरनं एसएमएस केलेला. त्यातली लिंक उघडली की क्यूआर कोड दिसतो, त्याला टोकन म्हणतात. तिकडचा औषधवाला तो कोड वाचतो आणि गोळ्या देतो. रिपीट लिहिलेलं असेल तर पुढच्या वेळेचं नवीन टोकन लगेच फोनवर हजर. 2020 सालात, कोविडच्या धामधुमीत त्यांनी हे घाईघाईनं आणलं. नानांच्या फोनात तसलं एक रिपीट उरलेलं, ते वाया कसं घालवायचं? त्यात तिकडे त्यांना मेडिकेअर नाही, पाहुणे माणूस, गोळ्यांची अख्खी किंमत मोजलेली. मुलाला मात्र सरकारी यादीतलं औषध 1 जानेवारी 2026 पासून फार तर 25 डॉलरला. हे नानींनीच सांगितलं मला, कुणाला बोलू नका म्हणून...

बरं, एरवी आपला पोरगा स्ट्रिप दाखवली तरी गोळी काढून देतो. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. पण काल नेमके मालक गल्ल्यावर! ते म्हणाले, "नाना, हे डॉक्टर ऑस्ट्रेलियातले. हा कोड आमच्या मशीनला वाचता येत नाही, आणि आला असता तरी मला इथल्या नोंदणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते." नाना म्हणाले, "मग मी ऑनलाइन मागवतो." संपलं! मालकांसमोर ऑनलाइनचं नाव काढायचं असतं का? 28 सप्टेंबर 2018 चा तो देशभरातला केमिस्टांचा बंद आठवतोय ना? तेव्हापासूनचा राग सगळा नानांवर निघाला. दुकानात पाच-सहा माणसं, सगळी गप्प, आणि नानांचे कान हे असे लाल!

मग मालकच जरा निवळले. म्हणाले, "अहो, फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सॲप करायला सांगा की. सहीच्या चिठ्ठीचा फोटो मला चालतो. फक्त तारीख आणि नोंदणी क्रमांक नीट दिसला पाहिजे." चालतोच तो. मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले तेव्हापासून चालतो. आमच्या पोळीवाल्या मावशी मागे उभ्या होत्या, त्या कशा गप्प बसतील? म्हणाल्या, "आमच्या गावाकडं ई-संजीवनीवर डॉक्टर दिसतो, चिठ्ठीबी येती, पैसाबी लागत नाही." नानांनी असं बघितलं त्यांच्याकडे... मेलबर्नचं सगळं विमान खाली आलं हो!

अहो थांबा, खरी गंमत तर पुढेच आहे. घरी येऊन नानांनी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर आपल्या चांगल्या ओळखीतले, वीस वर्षं नाड्या बघतायत. त्यांनी बीपीची गोळी लिहून दिली. तेवढ्यात नानी पडद्यात डोकावल्या. "डॉक्टर, माझ्या त्या झोपेच्या गोळ्याही लिहा ना, अल्प्रॅक्सच्या." डॉक्टर म्हणाले, "नाही. त्या फोनवर लिहायच्याच नाहीत, नियम आहे. दवाखान्यात या." नार्कोटिक कायद्यात येतात ना त्या. आणि मेडिकलवाल्यालाही त्यांची रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, तुमचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या, सगळं. तीन वर्षं ते रजिस्टर जपून ठेवायचं. नानी फुरंगटल्या. डॉक्टरांनी समजूत म्हणून त्यांना कॅल्शियम लिहून दिलं.

आता दोन चिठ्ठ्या आल्या नानांच्या फोनवर. त्या मेडिकलच्या नंबरावर पाठवायच्या होत्या. आणि त्यांनी पाठवल्या कुठे? आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर!

तुम्ही बघितलं नाही? काय सांगता! अहो, चिठ्ठीवर काय काय असतं, नाव, स्त्री का पुरुष, वय. आणि नानींच्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं, वय 71. एकाहत्तर! गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवात साठ ते पासष्टच्या गटात लिंबू-चमच्याचं पहिलं बक्षीस कुणी नेलं? स्टीलचा डबा, झाकणाचा! दुसऱ्या आल्या होत्या आपल्या सेक्रेटरींच्या सौ. त्यांनी मेसेज बघितला आणि खाली नुसता एक हात जोडलेला टाकला. बस, एकच. मी तर म्हणते त्यात सगळं आलं.

नानांनी घाईघाईत डिलीट केलं, पण फक्त स्वतःच्या फोनवरून. बाकी सगळ्यांकडे अजून आहे. आज सकाळी नानी दळण घेऊन माझ्या समोरून गेल्या, मान खाली, बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. पण डबा परत द्यायला हवा, असं सौ. म्हणतायत...

तुमच्या सासूबाईंचीही चिठ्ठी हल्ली फोनवरच येते ना? मग एक करा, थेट दुकानाच्या नंबरावर पाठवा, आणि पाठवण्याआधी वर नाव कुणाचं आहे ते दोनदा वाचा.