सामाईक सहावी

इंग्रज मनुष्य हिशेबाला कच्चा आहे असे निदान आम्ही तरी म्हणणार नाही, कारण आमच्या मुलखाची जमाबंदी त्याने पैपर्यंत चोख लिहून ठेवलेली आहे. परंतु तोच मनुष्य आपल्या शाळेतल्या बाराव्या आणि तेराव्या इयत्तेला मिळून अद्यापि ‘सहावी’ म्हणतो, तेव्हा आमच्यासारख्या पाढे पाठ केलेल्या माणसाची मती गुंग होते. पूर्वी अकराव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेत दाखल झाले म्हणजे तेथून पहिली, दुसरी असे मोजण्याची वहिवाट होती. पाच इयत्ता उरकल्या की बहुतेक मुले पोटापाण्याच्या उद्योगास लागत आणि जी विद्याव्यासंगी मंडळी मागे उरत ती सहावीत बसत, तीही एक नव्हे तर दोन वर्षे, आधी खालची सहावी आणि मग वरची. १९९० च्या सुमारास सर्व इयत्तांची फेरमोजणी झाली, पहिली ते पाचवी दप्तरातून खारीज झाल्या, आणि वाडा पडून देवडी तेवढी शाबूत राहावी तशी ही सहावी उभी राहिली.

या देवडीत चार घरांनी मिळून संसार थाटल्याचा दाखला उत्तर लंडनमध्ये, हॅम्पस्टेड हीथच्या शेजारी सापडतो. ला सेंत युनियन ही कॅथॉलिक जोगिणींनी स्थापिलेली मुलींची शाळा. विल्यम एलिस ही मुलांची, बालकांना अर्थशास्त्र शिकवलेच पाहिजे असा ध्यास घेतलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या नावाची. पार्लमेंट हिल ही तिला लागूनच असलेली मुलींची. आणि ॲकलंड बर्ली ही मुलामुलींची एकत्र, जिची काँक्रिटची इमारत आता संरक्षित वास्तूंच्या यादीत विराजमान आहे. या चौघींची आद्याक्षरे जुळवून सामाईक सहावीचे नाव पडले ‘लास्वॅप’. इंग्रजीत ‘स्वॅप’ म्हणजे अदलाबदल, तेव्हा योगायोगाने म्हणा की कारकुनाच्या चातुर्याने म्हणा, बारशातच कुंडली मांडली गेली. अकरा ते सोळा या निरुपद्रवी वयात ज्यांना स्वतंत्र भिंतींआड बसवले, त्या मुलामुलींना, ज्या सोळाव्या वर्षाविषयी आमच्या लावणीवाङ्मयात पुरेसे इशारे देऊन ठेवले आहेत, नेमके त्याच वर्षी एका बाकावर आणण्याचा हा धीटपणा खरोखर वाखाणण्यासारखा आहे.

एरवी शेजारच्या शाळा पाचवे वर्ष संपेपर्यंत एकमेकींचे विद्यार्थी पळवण्यासाठी टपलेल्या असतात. मग सहाव्या वर्षी हा बंधुभाव कोठून उपजतो, याचा शोध घेणाऱ्याने तत्त्वज्ञानाकडे न जाता थेट खजिन्याकडे जावे. तेथे हिशेब डोईमागे आहे. १६-१७ वर्षांच्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ४,००० पौंड असा मूळ दर २०१३ साली ठरला आणि महागाईने कितीही आकांत केला तरी २०२० पर्यंत तो जागचा हलला नाही. विद्यार्थी १८ वर्षांचा झाला की त्याची किंमत उतरून ३,३०० वर येई, जणू वाढत्या वयाबरोबर मेंदू आकसतो. आता लॅटिन शिकू इच्छिणारे तीनच जीव जर एका शाळेत असतील, तर त्यांच्या डोईपट्टीत गुरुजींचा पगार कसा भागावा? चार शाळांचे तीन-तीन मिळून बारा होतात. गुरुजी वाचतात, लॅटिन वाचते, आणि या सोयीला पुढे ‘सहकार्य’ असे भारदस्त नाव देता येते.

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही आमची म्हण. चार घरच्या या पाहुण्यासाठी चारही मुदपाकखान्यांची वेळ एक करावी लागते. विषयांचे गट एकाच तासाला लावायचे, मध्ये चालण्यापुरती सवड सोडायची, आणि एका शाळेची घंटा दुसरीहून पाच मिनिटे मागे पडणार नाही अशी देवाची प्रार्थना करायची. अशा विद्यार्थ्याचे नाव एका शाळेच्या पटावर, इतिहास तेथेच, संगीत दुसरीकडे, आणि छत्री बहुधा तिसरीकडे विसरलेली. मुंबई-पुण्याच्या अकरावीवाल्याला याचे नवल वाटणार नाही. त्याचेही नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि देह खासगी शिकवणीत असतो, मात्र त्याला पहिल्या ठिकाणी जावेच लागत नसल्यामुळे चालण्याच्या व्यायामास तो मुकतो.

परंतु या कागदी व्यवस्थेची खरी खुमारी जकातीत आहे. १९९२ च्या कायद्याने सहावीची स्वतंत्र महाविद्यालये १ एप्रिल १९९३ पासून स्थानिक शिक्षणखात्याच्या अंमलातून मुक्त झाली, आणि मुक्तीचे मोल असे की शाळेने खुर्ची घेतली तर तिच्यावरील मूल्यवर्धित कर परत मिळे, महाविद्यालयाने घेतली तर मिळत नसे. विद्यार्थी तोच, परीक्षा तीच, खुर्चीचे पायही चारच. पण २०११ पासून त्यातल्या एकीवर शेकडा २० चा बोजा कायमचा. ओरड फार झाली तेव्हा २०१५ च्या नोव्हेंबरात सरकारने दयार्द्र होऊन तोड काढली: कर रद्द करायचा नाही, महाविद्यालयाने ‘अकॅडमी’ अशी नवी सनद घ्यावी, म्हणजे तीच खुर्ची करमुक्त होईल. सामाईक सहावीला ही यातायात पडलीच नाही, कारण तिचा विद्यार्थी दप्तरी कोणत्या तरी शाळेचाच. तिच्या नावावर खुर्चीच काय, खुर्चीचा पायदेखील निघायचा नाही.

आमच्या डोळ्यांपुढे मात्र राहून राहून एक चित्र येते: लंडनचा चिवट पाऊस, कोटाच्या आत धरलेली वह्यांची फाईल, आणि दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर लगबगीने निघालेला एक सतरा वर्षांचा मुलगा. वाटेत एखाद्या पेन्शनर आजोबांनी त्याला थांबवून ‘बाळ, तू कोणत्या शाळेचा?’ असे विचारले, तर बिचारा आधी घड्याळाकडे पाहील.