गाडी चुकली, मी नाही

मुलीनं अकरावीला फ्रेंच घेतलं ते काही मोलिएरच्या ओढीनं नव्हे. मराठीचा निबंध लिहून बोटं वाकडी झाली तरी तपासणाऱ्याचा हात पुढे सरकत नाही आणि फ्रेंचमध्ये मात्र मार्क भरभरून पडतात, ही वार्ता आमच्या नवघर रोडवरच्या क्लासांच्या जिन्याजिन्यांत ऐकू येते. आम्हीही ती ऐकली आणि घरात फ्रेंच आलं. मातृभाषेत कमी पडतील म्हणून परक्या भाषेत मिळवायचे, हा हिशेब मला अजून नीट कळलेला नाही. पण फी भरताना कोणी असले प्रश्न विचारत नाही.

एका रविवारी ती वही घेऊन आली. ‘‘बाबा, मिस म्हणजे काय?’’

‘‘बाई.’’

‘‘क्रियापद, बाबा!’’

वहीत इंग्रजी वाक्यं होती, प्रत्येकात ‘मिस’, आणि त्यांचं फ्रेंच करायचं होतं. मी सरसावून बसलो. फ्रेंच मला येत नाही. पण भाईंदर स्टेशनवरून इतकी वर्षं नोकरीला जाणाऱ्या माणसाला मिस करण्याबद्दल कोणी काय शिकवणार?

पहिलंच वाक्य माझ्या आत्मचरित्रातलं निघालं : मी गाडी मिस केली. फ्रेंचमध्ये त्याला ‘राते’ हे क्रियापद चालतं, असं ती म्हणाली. कोशात बघून तिनं त्याचं मूळही सांगितलं. पूर्वी बंदुकीचा चाप ओढूनही बार उडाला नाही की फ्रेंच लोक म्हणायचे, बंदुकीनं उंदीर धरला. त्या उंदरापासून हे ‘राते’ झालं. मला ते फार पटलं. जिना धापा टाकत उतरावा, पिशवी सावरत डब्यापर्यंत पोचावं आणि दांड्याला हात लागायच्या आत गाडीनं वेग घ्यावा. त्या क्षणी आपला चेहरा बार न उडालेल्या शिपायासारखाच असतो.

‘‘पण त्यांच्यात आणि इंग्रजांत एक खोट आहे,’’ मी म्हणालो. ‘‘दोघेही म्हणतात, मी मिस केली. आपण काय म्हणतो?’’

‘‘गाडी चुकली.’’

‘‘बघ! चुकली कोण? गाडी!’’

जगातल्या किती भाषांत माणसानं उशिरा उठायचं आणि चुकायचं गाडीनं, अशी सोय असेल कोण जाणे. मी साहेबांसमोर इतकी वर्षं ‘गाडी चुकली’ म्हणत आलो, ते व्याकरणाच्या भरवशावर. यात एकच अपवाद. भाईंदरहून सुटणारी लोकल गेली आणि माणूस मागून येणाऱ्या विरार गाडीत घुसायला गेला, तर तिथे मात्र चूक त्याचीच. दारातली मंडळी त्याला ते ताबडतोब समजावून सांगतात, आणि त्या भाषेचं भाषांतर मी मुलीला करून दिलेलं नाही.

दुसरं वाक्य होतं : माझं घर तुम्ही मिस करूच शकणार नाही. हे वाक्य रचणारा नवघरला कधी आलेला नसावा. ‘नवघर रोड, चुकायचा प्रश्नच नाही,’ असं मी एकदा एका पाहुण्यांना फोनवर सांगितलं होतं. ते दुपारी मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर उभे राहून आमची बिल्डिंग शोधत होते. तिथे नवघर पोलीस ठाणंही आहे, त्यामुळे चौकशी केल्यावर त्यांची खात्री आणखीनच पक्की झाली. बरं, गोंधळ एवढ्यावर भागत नाही. आमच्या खाडीपलीकडे वसईचं नवघर. तिथे 2009 साली वसई-विरार महापालिका होईपर्यंत नवघर-माणिकपूर अशी नगरपरिषदच होती. उरणकडे आणखी एक नवघर. पाहुणे संध्याकाळी पोचले ते पेढ्यांचा पुडा अर्धा संपवून. ते रस्ता चुकलेच नव्हते. रस्ता बरोबर होता, नवघर चुकलं.

तिसरं वाक्य शर्टाच्या बटणाचं. बटण मिसिंग आहे. फ्रेंच म्हणतो, ‘इल मांक अँ बुताँ’, एक बटण उणं आहे. हे आमच्याकडे व्याकरणात न शिरता सुईदोऱ्यानं सुटतं.

चौथ्याला दोघांनीही हात टेकले : मिस्ड कॉल. शब्द फ्रेंचमध्ये आहे, पण त्या बिचाऱ्यांना वाटतं, असा कॉल आपोआप होतो. ‘खाली पोचलास की मिस्ड कॉल दे,’ यातलं ‘दे’ त्यांना कसं समजवायचं? समोरच्यानं उचलू नये म्हणून फोन करायचा, त्यानं उचलला तर आपण चिडायचं, हे सगळं एका क्रियापदात कोंबणं कोणत्याही व्याकरणाला झेपणारं नाही.

एव्हाना मी मुलीच्या अभ्यासातून उठून ‘चुकणे’ या शब्दात शिरलो होतो. उत्तर चुकतं, ताल चुकतो, काळजाचा ठोका चुकतो. घरपट्टी चुकवणारा चोर आणि घरपट्टी चुकती करणारा सज्जन. दोघांचं क्रियापद एकच. नशीबवानाचा तर चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेराच चुकतो. गाडी चुकली तर माणूस हळहळतो आणि जन्म चुकला तर मोक्ष! हे सांगत असताना मुलगी मोबाइल बघत होती. ‘‘मार्कांसाठी नाहीये हे,’’ असं ती म्हणाली, तेही खरंच.

शेवटचं वाक्य खरं कठीण : आय मिस यू. फ्रेंच माणूस इथे सगळी खुर्च्यांची मांडणीच बदलतो. ‘त्यू म मांक.’ म्हणजे शब्दशः, तू मला उणा पडतोस. इंग्रजीत आठवण काढणारा कर्ता. फ्रेंचमध्ये ज्याची आठवण येते तो कर्ता. मुलगी चक्रावली.

मी म्हटलं, ‘‘यात चक्रावण्यासारखं काय? आपण तरी ‘मी तुला आठवण करतो’ कुठे म्हणतो? मला तुझी आठवण येते. ती येते, आपण नुसते बसलेले असतो. मला भूक लागते, मला पोहता येतं, मला राग येतो. आपल्याकडे निम्म्या गोष्टी माणसाला न विचारता होतात. फ्रेंच तुला आपल्यातलाच वाटायला हवा. तू इंग्रजीतून जातेस म्हणून अडतेस. भाईंदरहून नायगावला जायचं तर पुढचं स्टेशन आहे, तू चर्चगेटला जाऊन परत येतेयस.’’

आणि फ्रेंचांशी आपली ओळख काही आजची नाही, हेही मी ऐकवलं. मराठी कशी घडली यावर पायाभूत ग्रंथ लिहिला तो झ्यूल ब्लोक या फ्रेंच माणसानं. पुस्तक 1920 मध्ये पॅरिसला निघालं आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेलं त्याचं मराठी भाषांतर आलं 1941 साली. आपली भाषा कशी झाली हे वाचायला मराठी वाचकाला एकवीस वर्षं भाषांतराची वाट बघावी लागली. ती गाडी चुकली नाही, नुसती उशिरा धावत होती.

‘‘कळलं,’’ मुलगी म्हणाली. कळलं म्हणजे आता पुरे.

तेवढ्यात ताई आली. ती दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा मुलगा ल्यों शहरात शिकायला गेलाय. त्याचा वाढदिवस होता आणि तिला त्याला फ्रेंचमध्ये संदेश पाठवून चकित करायचं होतं. फार काही नको, ‘तुझी आठवण येते’ एवढंच. मुलीनं मिनिटभरात लिहून दिलं, ताईनं पाठवलं, चहा झाला. मग वहीत काहीतरी खोडताना मुलगी एकदम थांबली.

‘‘आत्या, उलटं गेलं.’’

तिनं ‘ज त मांक’ लिहिलं होतं. इंग्रजीच्या सवयीनं ‘मी’ पुढे बसला होता. त्याचा अर्थ, मी तुला उणी पडते. तुला माझी आठवण येते.

मुलगी ओशाळली, दुसरा संदेश लिहायला फोन मागू लागली. ताईनं फोन पदराखाली घेतला. ‘‘राहू दे की. मला त्याची येते हे त्याला ठाऊकच आहे. त्याला माझी येते का, ते कुठे कळतंय? पंधरा दिवसांत फोन नाही.’’

दहा मिनिटांनी उत्तर आलं, मराठीत. ‘हो गं आई. सुक्या बोंबलाच्या चटणीची पण.’

‘‘यातलं ‘पण’ फ्रेंचमध्ये कसं म्हणतात?’’ मी विचारलं. पण ताई चपला घालत होती. तिला पार्सलवाल्याकडे बोंबील चालतात का ते विचारायचं होतं आणि दुकान आठला बंद होतं.