मांजर दहा पावले चालल्याची बाब गोपनीय ठेवल्याबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
संगणक कक्ष दक्षता समिती,
नाशिक शहरातील एक नामांकित शाळा.

विषय : विद्यार्थ्यांचे कोडिंगचे प्रकल्प एकमेकांच्या नजरेस पडू न दिल्याबद्दल अभिनंदन.

संदर्भ : पालक सभेतील आपला तोंडी खुलासा, ‘शेअर-बिअर काही नको. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’

महोदय,

स. न. वि. वि. पत्रास कारण की, आपल्या समितीच्या कामगिरीची म्हणावी तशी दखल कोणी घेतलेली नाही. सहावीच्या मुलांना स्क्रॅच ही कोडिंगची भाषा शिकवणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. पण वर्षभर स्क्रॅच शिकवूनही दुसऱ्याने काय केले ते एकाही मुलाने पाहू नये, अशी चोख व्यवस्था लावणारी शाळा विरळाच. हे खुले पत्र त्यासाठी. आपल्या कक्षाबाबतची ही पहिलीच खुली गोष्ट असावी.

मुळात दोष स्क्रॅच काढणाऱ्यांचा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधील मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हे प्रकरण जगापुढे आणले. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, हिरव्या झेंड्यावर टिचकी मारायची, की मांजर दहा पावले चालते. इथवर ठीक होते. पण त्यांनी प्रकल्पाच्या डोक्यावर शेअरचे बटण बसवले. ते दाबले की दुसऱ्या मुलाला प्रकल्प खेळता येतो, आतले ठोकळे उघडून पाहता येतात आणि त्यात स्वतःची भर घालून नवा प्रकल्पही करता येतो. मुलांनी एकमेकांचे पाहून शिकावे, असा हा उघड कट होता. आपण तो पहिल्याच तासाला हाणून पाडलात.

आपला बंदोबस्त मी स्वतः पाहिला आहे. साऱ्या वर्गाला मिळून एकच खाते. त्याचा पासवर्ड प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला, म्हणजे सुरक्षेत कुठे हयगय नको. ‘अ’ तुकडीने सोमवारी केलेले काम मंगळवारी ‘ब’ तुकडी निरागसपणे पुसते. ज्याचे काम पुसले गेले त्याचे काम कोणी चोरणार नाही, हे तर्काला धरूनच आहे.

आमच्या कन्येने यंदा एक खेळ केला. तिच्या मामाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे, त्यामुळे मांजर काढून टाकून तिने टोपली आणली. वरून द्राक्षे पडतात, ती झेलायची. मध्येच अवकाळीच्या गारा पडतात, त्या चुकवायच्या. द्राक्ष झेलले की एक गुण, गार लागली की पाच गुण वजा. पण गारा कितीही आदळल्या तरी गुण काही कमी होईनात. मामा म्हणाला, ‘असा विमा असता तर काय हवं होतं!’ कारण अगदी साधे होते. ‘गार लागली का?’ हे तपासणारा ठोकळा तिने सतत फिरणाऱ्या चक्राच्या बाहेर ठेवला होता. त्यामुळे झेंडा दाबल्याबरोबर संगणक एकदाच बघे, गार अजून आभाळात आहे अशी खात्री करून घेई आणि पुढे सबंध खेळभर डोळे मिटून बसे. शेजारच्या बाकावरच्या मुलाने हीच चूक आदल्या तासाला केली होती आणि दुरुस्तही केली होती. त्याने तिचे ठोकळे उघडून पाहिले असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. आपल्या दक्षतेमुळे ते टळले. पुढे त्या खेळाच्या पडद्याची रंगीत प्रिंट काढून, तिला स्पायरल बाइंडिंग करून फाईल तपासणीसाठी कपाटात गेली. कागदावर गारा पडत नाहीत, त्यामुळे चूकही दिसत नाही. मुखपृष्ठाला वेलबुट्टीची किनार होती म्हणून ‘उत्कृष्ट’ शेरा मिळाला.

आपला पहिला आक्षेप असा, की शेअर केले की मुले कॉपी करतील. रास्त आहे. पण शत्रूची तयारी किती आहे ते आपल्या कानावर घालतो. स्क्रॅचवर शेअर केलेला प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली जातो, की दुसऱ्याने तो घेऊन पुढे वाढवावा. मात्र मूळ कर्त्याचे नाव राखावे आणि आपले कामही तसेच खुले ठेवावे. कोणी रीमिक्स केले, की मूळ प्रकल्पाचा दुवा आणि त्याच्या कर्त्याचे आभार पानावर आपोआप उमटतात. म्हणजे कुणाचे किती आणि कुणाची भर किती, हे सर्वांदेखत राहते. आपल्याकडची पद्धत याहून निर्मळ आहे. ‘प्रोजेक्ट करून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचा ज्वालामुखी येतो, त्यावर मुलाच्या नावाचे लेबल लागते आणि ज्याने तो खरोखर केला त्या बिचाऱ्याचे आभार कोणीही मानत नाही. याला कॉपी म्हणत नाहीत. याला पालकांचा सहभाग म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मुलांची खासगी माहिती. इथे उपरोध क्षणभर बाजूला ठेवतो, कारण ही भीती पोकळ नाही. स्क्रॅचवर शेअर केलेली गोष्ट वर्गापुरती राहत नाही, साऱ्या जगाला दिसते. मुले हौसेने त्यात स्वतःचा फोटो टाकतात, आवाज भरतात, शाळेचे नाव लिहितात. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि बालकांबाबतच्या जबाबदाऱ्यांत कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘जबाबदार कोण?’ हा आपला प्रश्न म्हणूनच योग्य आहे.

फक्त तो विचारताना आपली पाठ शाळेच्या फाटकाकडे होती. फाटकावर दहा फुटी फ्लेक्स आहे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतल्या गुणवंतांचे फोटो, पूर्ण नावे, तुकडी आणि ३०० पैकी मिळालेले गुण. असाच मजकूर कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर, अशोक स्तंभाजवळ क्लासवाल्यांनी विजेच्या खांबागणिक टांगलेला असतो. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ फेसबुकवर आहेत. सहलीचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आहेत, आणि त्या गटात प्लॉट विकणारे एक गृहस्थही आहेत. मुलगी कोण, दिसते कशी, शिकते कुठे, हुशार किती, हे सारे नाशकाला ठाऊक. तिने केलेली टोपली डावीकडे कशी सरकते, एवढेच तेवढे गुपित. मूल चव्हाट्यावर आणि त्याचे काम कुलपात, असे हे आपले धोरण आहे.

नाशिकला ते शोभतेही. शेजारच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे चित्रण करत बसले आणि भांडवल उभे करण्यासाठी तेवढाच तुकडा लोकांना दाखवत सुटले. अपुरे, मूक, एका वाटाण्याचे काम! आपली समिती तेव्हा असती तर कुंडी कपाटात गेली असती आणि १९१३ साल शांततेत पार पडले असते.

अलीकडचे उदाहरण तर अधिकच चिंताजनक. ज्या मीडिया लॅबमधून स्क्रॅच निघाले, तिथेच प्राध्यापक असलेले रमेश रासकर मूळचे आपल्या नाशिकचे. २०१५ च्या सिंहस्थाच्या तोंडावर त्यांच्या पुढाकाराने इथे ‘कुंभथॉन’ भरू लागले. विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर, पालिकेचे अधिकारी एका छताखाली बसून गर्दीचे, आरोग्याचे, वाहतुकीचे प्रश्न सोडवू लागले आणि अर्धेमुर्धे नमुने बेधडक एकमेकांना दाखवू लागले. त्यात निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा होता. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले होते. तसे पुन्हा होऊ नये म्हणून वाटेत अंथरलेल्या चटईवरून किती पावले गेली ते मोजायचे आणि गर्दीचा आकडा वेळेवर पोचवायचा, अशी ‘आशिओतो’ नावाची युक्ती त्याने सवंगड्यांबरोबर उभी केली. २०१५ च्या कुंभात ती प्रत्यक्ष वापरून पाहिली गेली, आणि पुढे टेडच्या मंचावरून त्याने ती जगाला सांगितली. आपल्या नियमानुसार ती चटई गुंडाळून, लेबल लावून तपासणीपर्यंत माळ्यावर राहायला हवी होती. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पुन्हा असे काही घडू नये म्हणून आपण सज्ज आहात, हे पाहून धीर येतो.

तरीही एखादा नवखा शिक्षक गैरसमजातून शेअरिंग चालू करण्याचा संभव आहे. तो काय काय करील, ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्याला वेळेत रोखता येईल. तो प्रथम शिक्षकाचे खाते मागवील आणि त्यातून वर्ग तयार करील. मुलांना स्वतःचा ईमेलही लागणार नाही. प्रत्येकाला वेगळे खाते देईल आणि टोपणनावात खरे नाव, आडनाव, शाळा, जन्मसाल येऊ देणार नाही. ‘godecha_bagla’ चालेल, हजेरीपटावरचे नाव नाही. पालकांना मराठीत एक पानी पत्र पाठवील. काय दिसेल, कुणाला दिसेल आणि नको असेल तर काय, हे त्यात लिहून सही घेईल. नकार देणाऱ्याच्या मुलाला कमी गुण देणार नाही. पहिले काही आठवडे बाहेर काहीच न जाऊ देता प्रोजेक्टरवर वर्गातच प्रयोग करील : एकाने दाखवायचे, दोघांनी ठोकळे वाचायचे, चूक सापडली तर टाळी. जगाला दाखवण्यापूर्वी प्रकल्पात चेहरा, आवाज, फोन नंबर शिरला नाही ना, हे तपासून घेईल. प्रतिक्रिया बंद ठेवण्याची सोय आहे, ती वापरील. ‘कुणाचे काय घेतले’ हे श्रेयाच्या चौकटीत लिहिल्याशिवाय काम पुरे मानणार नाही. तो स्क्रॅचऐवजी कोड डॉट ऑर्ग वापरत असेल, तर तिथे ॲप लॅब, गेम लॅब यांसारख्या मोकळ्या साधनांत तेरा वर्षांखालील मुलांचे शेअरिंग आधीच बंद असते आणि शिक्षक ते आपल्या वर्गासाठी उघडू शकतो. म्हणजे चावी शिक्षकाच्या हाती! आपल्या समितीला विचारायची सोयच ठेवलेली नाही.

असा शिक्षक आढळल्यास त्याला तातडीने निवडणुकीच्या याद्यांच्या कामाला जुंपावे. एवढ्या काळजीपूर्वक नावे झाकणारा माणूस तिथे नावे उघडी करायला उपयोगी पडेल.

शेवटी एकच विनंती. आपल्या धोरणात सुसंगती यावी. गोपनीयता हेच शाळेचे ब्रीद असेल तर फाटकावरचा फ्लेक्स आजच उतरवावा, फेसबुकचे पान बंद करावे आणि प्लॉटवाल्या गृहस्थांना गटातून प्रेमाने निरोप द्यावा. आणि प्रसिद्धी हेच ब्रीद असेल तर त्या दहा फुटांवर फोटोंऐवजी मुलांच्या प्रकल्पांचे दुवे टोपणनावांनिशी छापावेत. येणारा-जाणारा खेळून बघेल, गारा लागूनही गुण का कमी होत नाहीत म्हणून विचारील, आणि कुठली तरी पोर त्याला उत्तर देईल.

कळावे,

आपला नम्र,
एक पालक

ता. क. : सुरक्षेच्या कारणास्तव नाव देत नाही. फाटकावरच्या फ्लेक्सवर, दुसऱ्या रांगेत, मुलीच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधोमध ते छापलेले आहेच.