शेपूला गिऱ्हाईक मिळालं

एडिसन, न्यू जर्सी
जुलैचा पहिला रविवार

ती. आई आणि ती. बाबांना,


बाबा, तुम्हाला मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचवत नाहीत, म्हणून हे कागदावर. इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त मागच्या अंगणातल्या भाजीचं तेवढं सांगता येत नाही.

आखाजीला वेलांची आळी घालायची, हा तुमचा दंडक इथे चालत नाही. मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री दहिवर गोठतं आणि कोवळी रोपं सकाळी काळी पडलेली दिसतात. म्हणून दोडका, कारलं आणि मिरचीचं बालपण आमच्या बैठकीच्या खिडकीत गेलं. थोरला रोज सकाळी बी उकरून ‘उगवलं का’ ते बघायचा आणि पुन्हा पुरून ठेवायचा. एवढी चौकशी सोसूनही मेथी उगवली. तिला मानलं पाहिजे.

इथे नळाला चोवीस तास पाणी असतं. त्यामुळे धाकटीच्या हातात पाइप आला की मिरचीच्या वाफ्यात भातशेती सुरू होते. तिकडे आजी तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालते आणि पाणी यायचा वार बघून पाहुण्यांना बोलावते, हे मी दोघांना सांगितलं. थोरल्याने ताबडतोब नळ बंद केला आणि म्हणाला, “मग आपण आबांना इथून पाइप टाकू या.” जायकवाडीहून गावात पाणी यायचं तर एवढी रखडपट्टी, तिथे एडिसनची लाइन कधी पुरी होणार? पण पोराचा उत्साह कशाला मोडा, म्हणून मी गप्प बसले.

शेंगा मात्र ग्राउंडहॉगने खाल्ल्या. हा खारीच्याच कुळातला, पण अंगाने मांजराहून जाड. कुंपणाखालून बीळ काढतो आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून निवांत जेवतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, पंक्सटॉनी नावाच्या गावी, 1887 पासून दर 2 फेब्रुवारीला याच प्राण्याला बाहेर काढून थंडी किती लांबणार याचं भाकीत करतात. आपल्या भेंडवळच्या घटमांडणीसारखंच समजा, फक्त इथे घटाला चार पाय असतात आणि तो नंतर आमच्या घेवड्यावर येतो. मुलांना विचारलं, याला हाकलायचं कसं? दोघांनी मिळून त्याच्यासाठी पाण्याची वाटी ठेवली.

आता मुख्य बातमी. आई, या घरात शेपू खाणारं अखेर कुणीतरी सापडलं!

तुझ्या जावयांनी हौसेने शेपू लावला होता. मुलांनी वासानेच नाकं मुरडली. मग एका सकाळी धाकटी ओरडत आली, “शेपू हलतोय!” पाहिलं तर करंगळीएवढ्या हिरव्यागार अळ्या. अंगावर काळे पट्टे, त्यांवर पिवळे ठिपके. थोरल्याने गवताच्या काडीने एकीला डिवचलं, तशी तिने डोक्यामागून भगवं, दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढलं आणि असा काही दर्प सोडला की थोरला थेट तुळशीपाशी जाऊन थांबला. शिंग लगेच आत गेलं आणि बाईसाहेब पुन्हा शेपू कुरतडू लागल्या.

हे ब्लॅक स्वॅलोटेल फुलपाखरू. शेपू, गाजर, बडीशेप यांच्या पाल्यावर त्याच्या अळ्या वाढतात. न्यू जर्सीने 2016 मध्ये त्याला राज्याचं फुलपाखरू केलं. बाबा, छाती फुगवा, कारण आपला महाराष्ट्र इथे एक वर्षाने पुढे आहे. 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला मान देऊन राज्य फुलपाखरू ठरवणारं ते देशातलं पहिलं राज्य झालं. आणि ही दोन्ही फुलपाखरं एकाच कुळातली, एकाच आडनावाची, म्हणजे चक्क भाऊबंद निघाली.

तुमच्या कढीपत्त्यावर पावसाळ्यात दिसतात ना, लहानपणी पक्ष्याची विष्ठा वाटावी अशा आणि मग हिरव्या होणाऱ्या अळ्या? त्याही याच भावकीतल्या. डिवचलं की शिंग त्याही काढतात. हे मी मुलांना सांगितलं, ही माझी चूक म्हणा की पुण्य, पण आता ऑगस्टमधल्या आमच्या मुक्कामाचा बेत त्यांनीच ठरवला आहे. वेरूळ, बीबी का मकबरा सगळं नंतर. आधी आजोळचा कढीपत्ता, मग हिमायत बाग. तिथली जुनी आंब्याची झाडं आबा दाखवतील, असं परस्पर ठरलंय.

तेव्हा बाबा, कढीपत्त्यावर औषध फवारू नका. अळ्या दिसल्या तर चिमट्याने वेचू नका. आई, खालच्या दोन फांद्यांना हात लावू नकोस, फोडणीला भाजीवाल्याकडून आण. आणि बी-बियाणं बांधून ठेवू नकोस. इथल्या विमानतळांवर 1984 पासून बीगल कुत्री नोकरीला आहेत. सामानातली फळं आणि रोपं ती हुंगून शोधतात. लाडवाच्या डब्यात बी लपवायची तुझी युक्ती मला माहीत आहे, पण दंड आम्हाला भरावा लागेल.

मुलांसाठी शेपूची भाजीही करू नकोस. आग्रह केलास तर “तो अळ्यांचा आहे, त्यांच्या तोंडचा घास आम्ही कसा खाणार?” असं उत्तर तयार आहे. यावर तुझ्याकडे तोड असेल तर मलाही कळव.

तुमची,
लेक

ता. क. : कढीपत्ता बाजारातून आणायचा खर्च जावई देणार आहेत. बाबांनी हिशेब लिहून ठेवावा.