गल्ल्यावरचा ठेवा

अमेरिकेत नाणं टाकल्यावर मूठभर शेंगदाणे देणारी, गल्ल्यावर ठेवायची जुनी यंत्रं हौशी मंडळी डॉलर मोजून जमवतात. नांदेड-लातूरचा ठेवाही कमी नाही, फक्त तो भंगारात असतो.

रेल्वे स्थानकावरचा लुकलुकत्या दिव्यांचा वजनकाटा आठवा. नाणं गिळून तो वजनाचं तिकीट द्यायचा, वर भविष्यही छापलेलं. वजन कितीही वाढो, भाग्य उजळच! त्याचा धाकटा भाऊ म्हणजे किराणा दुकानातला कॉइनबॉक्स. रुपया टाकायचा, मागच्या गिऱ्हाइकाचे टोमणे ऐकायचे आणि ‘हॅलो, पोचलो’ म्हणेपर्यंत वेळ संपायची. मोबाइल आला नि डबा माळ्यावर गेला.

नाण्याच्या बदल्यात पाणी देणारं यंत्र अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच वर्णिलं होतं, तेही देवळातल्या तीर्थासाठी. आपल्याकडे तेच आता ‘वॉटर एटीएम’ म्हणून प्रगतीत मोडतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना तीर्थाचं मोल वेगळं सांगायला नको.

पुरावस्तू ठरायला १९७२ चा कायदा साधारण शंभर वर्षं मागतो. भंगारवाला तेवढा थांबत नाही. माळ्यावर कॉइनबॉक्स असेल, तर आजच उतरवून पुसून ठेवा.