निकाल राखून ठेवला आहे

बंगळूरच्या व्हाइटफील्डचे लोक मतदान करत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीची निवडणूक पाहिलेली नाही. उमेदवार महिनाभर आधीपासून लिफ्टमध्ये हसू लागतात. एरवी नमस्काराला मानही न हलवणारे डी ब्लॉकचे गृहस्थ अचानक आपल्या मुलाची इयत्ता विचारतात. जाहीरनामा पीडीएफमध्ये येतो आणि त्यात टँकरच्या पाण्यावर झालेल्या खर्चाचा आलेख असतो. विरोधी गट सांडपाणी प्रकल्पाच्या मोटारीची बिले व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि घालू न देणारे अशा दोन आघाड्या पडतात, आणि कोकणस्थ-देशस्थ, मराठी-कन्नड, विंडोज-मॅक हे जुने भेद त्या दिवसापुरते मिटतात. रविवारी संध्याकाळी मतदान संपते आणि तासाभरात लिफ्टशेजारच्या फलकावर कागद चिकटतो: कोणाला किती मते, बाद किती, आणि पडलेल्याला नेमकी किती पडली तेसुद्धा. पडलेले गृहस्थ पुढे काही दिवस व्यायामाच्या नावाखाली जिन्याने जातात.

एका कागदावर मते मांडून तो भिंतीला चिकटवणे, एवढेच काम. उमेदवार ठरवताना देशातल्या मोठ्या पक्षांना ते क्वचितच जमते.

कर्नाटक भाजपने प्रयत्न मात्र केला होता, हे मान्य करायला हवे. ३१ मार्च २०२३ रोजी, म्हणजे विधानसभा निवडणूक जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी, पक्षाने राज्यभर अंतर्गत मतदान घेतले. कोणाला तिकीट द्यावे ते कार्यकर्त्यांनी सांगायचे. शक्तिकेंद्र नावाच्या बूथगटापासून जिल्ह्यापर्यंतचे पदाधिकारी रांगेत उभे राहिले, चिठ्ठ्यांवर पसंतीची नावे लिहिली, चिठ्ठ्या पेटीत गेल्या. वर्तमानपत्रांनी लगेच अमेरिकेतल्या प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरवण्याच्या पद्धतीचे, दाखले दिले. आमच्यासारख्या भोळ्यांना वाटले, आता मोजणी होईल. पेट्या बंगळूरला गेल्या, नावे दिल्लीला गेली, दिल्लीहून याद्या आल्या. चिठ्ठ्यांचा हिशेब तेवढा आला नाही. कोणत्या मतदारसंघात कोणाला किती चिठ्ठ्या पडल्या, हे पक्षाने जाहीर केले नाही. दहावीच्या मंडळानेसुद्धा कॉपीच्या संशयावरूनच निकाल राखून ठेवावा असा संकेत आहे. इथे परीक्षा पक्षानेच घेतली, पेपर पक्षानेच तपासले आणि निकालही पक्षानेच राखून ठेवला.

व्हाइटफील्ड ज्या महादेवपुरा मतदारसंघात येते तिथे तर गोष्ट अधिकच रंगली. हा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत जन्मला, अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, आणि तेव्हापासून लागोपाठ तीन वेळा अरविंद लिंबावळी इथून निवडून आले. ११ एप्रिलला भाजपची १८९ नावांची यादी आली. तिच्यात महादेवपुरा नाही. दुसऱ्या दिवशी २३ नावे आली, तिच्यातही नाही. व्हाइटफील्डला ताटकळण्याचा सराव आहे, कारण आम्ही होप फार्मच्या सिग्नलला राहतो, पण उमेदवाराला तो नसावा. अखेर १७ एप्रिलला दहा जणांची तिसरी यादी आली. तिच्यात महादेवपुराचे नाव होते आणि उमेदवाराचे आडनावही जुनेच होते. तिकीट अरविंद लिंबावळी यांना नव्हते. ते त्यांच्या पत्नी मंजुळा यांना होते.

आता तुम्ही विचाराल, ३१ मार्चच्या चिठ्ठ्यांवर कार्यकर्त्यांनी कोणाचे नाव लिहिले होते? आम्हीही तेच विचारतो. कदाचित त्यांनी खरोखरच मंजुळाताईंचेच नाव लिहिले असेल, आणि तसे असेल तर तो आकडा छातीठोकपणे सांगायला हरकत काय? कदाचित त्यांनी साहेबांचे लिहिले असेल आणि वरच्यांनी घराचा पत्ता तोच ठेवून फक्त दारावरची पाटी बदलली असेल. कदाचित तिसऱ्याच कोणाचे लिहिले असेल, आणि तो तिसरा आजही आपल्याला किती चिठ्ठ्या पडल्या होत्या याचा अंदाज बांधत वर्तूर तलावाच्या काठाने फिरत असेल. तळ्याला फेस येतो तो रसायनांचा, असे तज्ज्ञ म्हणतात. आम्हाला आता शंका येऊ लागली आहे.

समोर काँग्रेसने कोण दिला? एच. नागेश. हे २०१८ मध्ये कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलहून अपक्ष निवडून आले, कुमारस्वामींच्या आघाडी सरकारात मंत्री झाले, ते सरकार डळमळताच बाहेर पडले, येडियुरप्पांच्या सरकारात अबकारी मंत्री झाले, आणि मग काँग्रेसमध्ये आले. त्यांच्यासाठी काँग्रेसने चिठ्ठ्या-पेट्यांचा खटाटोप केल्याचे कोणी सांगितले नाही. ज्याने स्वतःच एवढे पक्ष निवडले त्याला पक्षाने निवडण्याचा प्रश्न कुठे येतो!

मतदान १० मे २०२३ रोजी झाले. वार बुधवार. निवडणूक आयोगाने तो मुद्दाम निवडला होता, म्हणजे आयटीवाल्यांना शनिवार-रविवारला जोडून कूर्गला पळता येऊ नये. राज्यात ७३ टक्क्यांवर विक्रमी मतदान झाले आणि बंगळूर शहर चोपन्नच्या आसपास रेंगाळले. आयोगाला घरून काम करण्याची सोय लक्षात आली नव्हती. लोक बुधवारीही कूर्गलाच होते, फक्त लॅपटॉप घेऊन. मंजुळा लिंबावळी ४४ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. या मोजणीचा आकडा शेवटच्या मतापर्यंत कुणालाही पाहता येतो. नोटाला किती मते पडली तेही पाहता येते. म्हणजे ‘यांपैकी कोणीही नको’ म्हणणाऱ्यांची मोजदाद आपण काळजीपूर्वक करतो आणि जाहीर करतो. ‘यांपैकी कोण हवा’ म्हणणाऱ्यांची मात्र नाही.

याच महादेवपुराच्या मतदारयादीवरून ऑगस्ट २०२५ मध्ये राहुल गांधींनी देशभर रान उठवले. २०२४ च्या लोकसभेला बंगळूर मध्य भाजपच्या पी. सी. मोहन यांनी ३२,७०७ मतांनी जिंकले, आणि त्यांना एकट्या महादेवपुरातून १,१४,०४६ ची आघाडी होती. इथली लाखभर मते खोटी आहेत, एकाच छोट्या घरात ऐंशी मतदार नोंदले आहेत, असा राहुल यांचा आरोप. आयोगाने तो साफ फेटाळला. त्या वादात आम्ही पडत नाही, आमच्याकडे वन बीएचकेमध्ये ऐंशी मतदार राहात नाहीत. पाहुणे आले तरी आम्ही मेस लावतो. पण मतांचा इतका बारीक हिशेब मागणाऱ्या त्याच राहुल गांधींनी एके काळी पक्षातच मतदान घेऊन उमेदवार ठरवण्याचा घाट घातला होता, हे व्हाइटफील्डला आठवत नसले तरी वर्ध्याला चांगले आठवते.

२०१४ ची लोकसभा. देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत काँग्रेसचे पदाधिकारी मत देऊन उमेदवार ठरवतील, असे ठरले. महाराष्ट्रात मान मिळाला वर्धा आणि लातूरला, आमच्या शेजारी बंगळूर उत्तरला. वर्ध्यात सागर मेघे आणि चारुलता टोकस समोरासमोर आले: एक दत्ता मेघे यांचे चिरंजीव, दुसऱ्या प्रभा राव यांच्या कन्या. घराणेशाही मोडण्यासाठी निघालेल्या प्रयोगाला सुरुवातीलाच दोन घराणी मिळाली, यापेक्षा शुभशकुन कोणता? सागर मेघे जिंकले, मग खऱ्या निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांवर मतांनी पडले. त्याच वर्षी दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये गेले आणि धाकटे समीर मेघे हिंगण्याहून भाजपचे आमदारही झाले. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी उमेदवार निवडला तो इतका पारखून, की दुसऱ्या पक्षालाही घराणे पसंत पडले.

बडोद्याची कथा आणखी छोटी. तिथे नरेंद्र रावत रीतसर मते मिळवून उमेदवार झाले. तेवढ्यात नरेंद्र मोदींनी बडोद्यातून अर्ज भरायचे ठरवले, आणि रावतांनी जागा सोडून मधुसूदन मिस्त्रींना दिली. कार्यकर्त्यांच्या मतांचे काय झाले? ती तशीच राहिली, वापरायची गरज पडली नाही. इंदूरला सत्यनारायण पटेल निवडले गेले आणि आमच्या चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्राताई महाजन यांनी त्यांना साडेचार लाखांहून अधिक मतांनी हरवले. बंगळूर उत्तरला सी. नारायणस्वामी जिंकले आणि सदानंद गौडांकडून हरले. लातूरही गेले. या पद्धतीने निवडलेला एकही उमेदवार त्या वर्षी लोकसभेत पोचला नाही. आता, त्या वर्षी काँग्रेसच्या सगळ्या मिळून ४४ जागा आल्या, तेव्हा दोष पद्धतीला द्यायचा की लाटेला, हा वाद घालता आला असता. पक्षाने वाद घातला नाही. प्रयोग गुंडाळला आणि पुन्हा दिल्लीच्या बंद खोलीत जाऊन बसला, जिथे हरल्यावर निदान कोणी निवडले हे विचारता येत नाही.

मग खरी निवडणूक होते कुठे? एबी फॉर्मवर. सामान्य माणूस मतदान केंद्रावर जातो त्याच्या कित्येक दिवस आधी ही निवडणूक उरकलेली असते. ए फॉर्म सांगतो, पक्षातर्फे सही कोण करणार. बी फॉर्म सांगतो, सही कोणासाठी. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पाहिजे, आणि सही शाईचीच पाहिजे. शिक्का, झेरॉक्स, फॅक्स चालत नाही. मतदार एक, मत एक, शाई बोटाला नाही तर कागदाला. टक्केवारी कायम शंभर. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेला शेवटच्या दिवशी नाशिक जिल्ह्यात देवळाली आणि दिंडोरीसाठी शिंदेसेनेचे एबी फॉर्म हेलिकॉप्टरने गेले. नाशिकच्या द्राक्षांना असे वाहन मिळाले असते तर शेतकरी धन्य झाला असता. बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचाही रकाना असतो, त्यामुळे कित्येक इच्छुक आयुष्यभर पर्यायी राहतात आणि त्यालाच निष्ठा म्हणतात.

ज्यांना पर्यायी राहणे जमत नाही ते काय करतात, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. त्याच एप्रिल २०२३ मध्ये भाजपचे अथणीचे तिकीट न मिळालेले लक्ष्मण सवदी काँग्रेसमध्ये गेले आणि ७६ हजारांवर मतांनी जिंकले. माजी मुख्यमंत्री जगदीश शेट्टर यांना हुबळीचे तिकीट नाकारले. तेही काँग्रेसमध्ये गेले, पडले, काँग्रेसने विधान परिषदेवर घेतले, जानेवारी २०२४ मध्ये परत भाजपमध्ये आले आणि जूनमध्ये बेळगावचे खासदार झाले. चिठ्ठ्यांचे आकडे भिंतीवर लागले असते तर निदान भांडणाला आधार तरी राहिला असता: ‘बघा, मला इतक्या पडल्या’ किंवा ‘बघा, तुम्हाला इतक्याच’. आकडाच नसल्यामुळे प्रत्येक जण स्वतःला विजयी समजतो आणि पक्ष बदलतो.

बेळगावचा विषय निघालाच आहे तर श्री ठाणेदार यांचे नाव घेतले पाहिजे. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस २०१८ मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरला, स्वतःचे कोट्यवधी रुपये ओतले आणि तिसरा आला. मते सुमारे दोन लाख. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्य विधानसभेची प्रायमरी जिंकली, आमदार झाला. २०२२ मध्ये नऊ जणांच्या प्रायमरीत जेमतेम २८ टक्के मतांवर पहिला आला आणि थेट अमेरिकेच्या संसदेत गेला. मिशिगनमध्ये ही मते सरकारी यंत्रणा मोजते आणि पक्षाचा सभासद नसलेल्यालाही मत देता येते. पैसा तिथेही लागतो, बेळगावपेक्षा जास्तच लागतो. फरक एवढाच की तिथे पैसा गेल्यावर किती मते आली ते समजते. आपल्याकडे पैसा जातो, तिकीटही जाते, आणि नक्की कोणाकडे गेले ते जाणकार सांगत नाहीत.

आपल्याकडे हे लगेच यावे, असा आमचा हट्ट नाही. महाराष्ट्रात प्रायमरी आलीच तर तिच्या आधीच्या रात्री सगळे कार्यकर्ते गोव्याच्या रिसॉर्टवर असतील, एवढी आम्हाला कल्पना आहे. पण भाजपला २०२३ मध्ये पेट्या सापडल्या होत्या, काँग्रेसला २०१४ मध्ये सापडल्या होत्या. म्हणजे सामान दोघांकडे आहे. कर्नाटकची पुढची विधानसभा २०२८ मध्ये आहे. तोवर चिकटपट्टीची एक गुंडाळी लागेल ती व्हाइटफील्डमधली कुठलीही सोसायटी देईल.

आणि व्हाइटफील्डमधल्या मराठी वाचका, तुझे नाव अजून कोथरूडच्या यादीत असेल आणि मुक्काम इथे असेल, तर पत्ता बदलण्यासाठी फॉर्म आठ भर. ऑनलाइन भरता येतो. त्यावर कुणा पक्षाध्यक्षाची शाईची सही लागत नाही, आणि तो पोचवायला हेलिकॉप्टरही लागत नाही.