गेटमामा

जालन्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा खरा मालक कोण, असं विचारलं तर कोणी स्टीलवाल्यांचं नाव घेईल, कोणी बियाणे कंपनीचं, कोणी मोसंबीच्या अडत्याचं. ट्रक ड्रायव्हरला विचारा. तो सांगेल, गेटवरचे मामा.

एमआयडीसीकडच्या कुठल्याही कंटेनर यार्डाच्या फाटकावर हे मामा सापडतात. गाव भोकरदन नाहीतर मंठा तालुक्यात, दोन एकर कोरडवाहू, मुलगी परतूरला दिलेली. एजन्सीचा शर्ट एक नंबर मोठा आणि पँट एक नंबर लहान, कारण दोन्ही आधीच्या वेगवेगळ्या मामांचे. गळ्यात शिट्टी, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेला पेन. मामांचा माणसांवरचा विश्वास एकूणच कमी. पण पेन घेऊन जाणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारच वाईट आहे.

लायसन, गाडीचे कागद, ई-वे बिल हे तर झालंच. त्याशिवाय काडेपेटी आणि तंबाखूची पुडी गेटवर जमा करावी लागते. बाहेर येताना टोकन दाखवलं की पुडी परत मिळते, पण ती आपलीच असेल याची खात्री नाही. नांदेडच्या ड्रायव्हरने एकदा तक्रार केली. मामा म्हणाले, "तंबाखूवर काय सातबारा असतोय का, बाप्पा?"

या कडकपणाचं मूळ बघायला गेलं तर न्यूयॉर्कात सापडतं. 2001 साली तिथले मनोरे पडले आणि जगभरच्या बंदरांनी दारं घट्ट करायला घेतली. 1 जुलै 2004 पासून बंदरांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय आयएसपीएस कोड लागू झाला. समुद्राकाठचं ते वारं हळूहळू देशाच्या आत, कंटेनरच्या मागोमाग पोचलं, आणि शेवटी भोकरदनच्या मामांनी नांदेडवाल्याची तंबाखू जप्त केली. आपल्या कस्टम्सनेही 2009 च्या नियमांत यार्ड चालवणाऱ्याला बजावलं आहे की अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय माल बाहेर सोडायचा नाही. मामांनी हे नियम वाचलेले नाहीत. 'लेखी' एवढा एकच शब्द त्यांच्यापर्यंत पोचला, आणि तो त्यांना पुरला.

कंटेनरच्या बाबतीत मात्र मामांची थट्टा करायची सोय नाही. चार अक्षरं, सात आकडे, त्यातला शेवटचा चौकटीत. हे ते इंग्रजी न येताही घडाघडा वाचतात. मग दाराच्या कडीतल्या सीलवरचा नंबर कागदाशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवतात, वर सील हाताने ओढून बघतात. तीनचा आठ झालेला त्यांना दहा हातांवरून दिसतो. मागे हॉर्न वाजत असतात. हॉर्नला मामांच्या लेखी किंमत नाही, तो लेखी नसतो.

त्यांच्या जावयाचा किस्सा यार्डात अजून सांगतात. अधिक महिना, धोंड्याचं जेवण ठरलेलं, जावईबापू परतूरहून आले तर खोलीला कुलूप. मामी बाजारात, किल्ली मामांकडे. ते थेट फाटकावर आले.

"कोणाकडं काम आहे?"

"तुमच्याकडं, मामा."

"मामा तर समदेच म्हणतेत. आधार कार्ड?"

जावयाने कार्ड दिलं. मामांनी फोटो पाहिला, मग जावयाकडे पाहिलं. फोटोला मिशा होत्या.

"मिशा कामून काढल्या?"

"मामा, लग्नात तरी कुठं होत्या?"

"लग्नात मी आहेर मोजत होतो," मामा म्हणाले, आणि नोंद करून पास फाडला. जावयाने 'भेटीचं कारण' या रकान्यात 'धोंडा' लिहिलं. ती नोंद पुढे ऑडिटवाल्यांनी विचारली म्हणतात. दगड आणला असेल तर त्याचं चलन कुठे आहे, असं.

एवढा बंदोबस्त पुढच्या दाराला. मागच्या बाजूला कंपाउंडची भिंत एके ठिकाणी खचली आहे आणि तिथून रोज दुपारी शेळ्या आत येतात. मामांना हे ठाऊक आहे. पण ती हद्द दुसऱ्या मामांची आणि शेळ्यांजवळ माल नसतो, ही त्यांची भूमिका. खरं सांगायचं तर फक्त कागदावर भरवसा ठेवणाऱ्या सगळ्याच सुरक्षेची एक भिंत अशी कुठेतरी खचलेली असते, त्यात मामांचा दोष कमी आणि पगार देणाऱ्यांचा जास्त.

जालन्याच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन 25 डिसेंबर 2015 ला झालं. तेव्हापासून त्याची चर्चा चहाच्या टपरीवर होते, तशी फाटकावरही होते. मामांना त्यातलं एकच कळतं. "बंदर येऊ द्या नाहीतर समुद्र येऊ द्या, गेट तर लागंलच ना?"

आणि हे रोज शेकडो जणांना आत सोडणारे मामा स्वतः सील असलेल्या गोदामात कधीच गेलेले नाहीत. तिथला पास वेगळा असतो, आणि तो त्यांच्याकडे नाही. तुम्ही कधी त्या फाटकावर गेलात, तर आधार कार्ड ओरिजिनल न्या. झेरॉक्स चालत नाही. आणि पेन आपला न्या.